झाडांखालून गढूळ पाणी आणि गवतातून नितळ, हे उलटं कसं?

सोंडेवरचा:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा काढायची पहिलीच वेळ. प्रश्न अगदीच बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

आमची डोंगरउतारावर थोडी जमीन आहे. मधून डोंगराची सोंड खाली उतरते. सोंडेच्या डाव्या अंगाला वडिलांनी लावलेला साग आहे, आता पंचवीसेक वर्षांचा, सरळसोट वाढलेला. उजव्या अंगाला काहीच लावलेलं नाही, नुसतं गवत. वर्षातून एकदा कापतो, तेवढंच. उतार मोबाईलवरच्या ॲपने मोजला. सागाकडे १८ अंश, गवताकडे २१. म्हणजे गवताचं अंगच जास्त चढं. दोन्हीकडचं पाणी दोन वेगळ्या ओहोळांनी खाली येतं आणि बांधापाशी एक होतं.

गेल्या आठवड्यात दोन तास सलग झोडपून पाऊस झाला. मी छत्री घेऊन बांधावर उभा होतो (हौस, दुसरं काय). दोन्ही ओहोळ जिथे मिळतात तिथून पुढे दहा-बारा पावलं पाणी शेजारी शेजारी वाहत होतं, एकात एक मिसळत नव्हतं. डावीकडचा पट्टा लालभडक, उजवीकडचा असा की तळाचे खडे दिसावेत. लाल पट्टा सागाकडचा!

मला वाटलं डोळ्यांना भास होतोय. म्हणून मिसळण्याआधीच दोन्ही ओहोळांतून एकेक लिटरची बाटली भरली आणि खिडकीत ठेवली. दोन दिवसांनी सागाच्या बाटलीत तळाला ७ मिमी गाळ, पट्टीने मोजून. गवताच्या बाटलीत तळ जेमतेम मळकट झालाय, पट्टी लावण्यासारखं काही नाही.

आता खरी अडचण. पुढच्या महिन्यात गवताच्या अंगावर दोनशे खड्डे काढून झाडं लावायचं ठरलंय. धाकटा भाऊ म्हणतो की गवत मुळापासून काढून, जमीन साफ करून मगच लावू, माती धरून राहील. बाटल्या दाखवल्या तर म्हणतो, "दादा, तुझी बाटली चुकली असेल." चुकली आहे का?

हिरवा_कंदील:

बाटली चुकली असेलच असं नाही, पण एका पावसावरून काय ठरवणार? झाडांची मुळं माती धरतात हे शाळेत शिकलोय आपण सगळे. झाड तोडलं की धूप, झाड लावलं की धूप बंद. भाऊ बरोबर सांगतोय. लावा बिनधास्त.

गाळमोज्या:

कंदीलसाहेब, जरा थांबा.

सोंडेवरचे, एकच सांगा. सागाखाली, म्हणजे खोडांच्या मधल्या जमिनीवर, काय आहे?

सोंडेवरचा:

काहीच नाही. अगदी स्वच्छ आहे. पानं खूप पडतात, पण राखणदार पाऊस सुरू व्हायच्या आधी सगळी झाडून ढीग करून जाळतो. एकदा वणवा आला होता तेव्हापासूनची पद्धत आहे. शिवाय पानांत साप बसतात म्हणून. झुडपंही तो छाटून टाकतो. अंगणासारखं दिसतं, पाहुणे आले की कौतुक करतात.

गाळमोज्या:

वाटलंच. तुमची बाटली अजिबात चुकलेली नाही.

माझं आयुष्य गाळ मोजण्यात गेलं. डोंगरातल्या लहान लहान ओहोळांवर बसायचं, पाऊस आला की दर दहा मिनिटांनी बाटली भरायची, वाळवून वजन करायचं. तुम्ही हौसेने केलंत ते मी पगारावर केलं. त्यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली आहे. माती झाडाने थांबते की नाही हे झाडाकडे बघून कळत नाही, त्याच्या पायाशी बघावं लागतं.

पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर पडतो तेव्हा तो बारीकसा घाव घालतो. मातीचे कण सुटे होऊन उडतात, उतारावर असले की वरच्या बाजूला कमी आणि खालच्या बाजूला जास्त जाऊन पडतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत एलिसन यांनी हे मोजून दाखवलं. त्याआधी बहुतेक दोष वाहत्या पाण्याच्या माथी जायचा. खरं तर वाहतं पाणी हा हमाल आहे. माल सुटा करून द्यायचं काम थेंब करतो.

आता साग काय करतो बघा. आपल्याला वाटतं छत्री धरतो. धरतो, पण ती छत्री गळकी असते. पानावर पाणी गोळा होतं, चार-पाच थेंबांचा एक होतो आणि मग पागोळीसारखा टपकतो. पानाखालचे थेंब किती मोठे होतात हे झाडाच्या जातीवर असतं. हॉल आणि कॅल्डर यांनी १९९३ साली तीन झाडांची तुलना छापली होती. निम्मं पाणी ज्याहून मोठ्या थेंबांतून पडतं तो आकार एका जातीच्या पाइनखाली २.३ मिमी, निलगिरीच्या एका जातीखाली २.८ आणि सागाखाली ४.२ मिमी. सागाचं पान केवढं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

साध्या पावसाचा २ मिमीचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने जमिनीवर येतो. ४ मिमीचा जवळपास नऊ मीटरने. वजन आठपट आणि वेग जास्त, म्हणजे एकेका थेंबाचा मार चौदा-पंधरा पट. थेंब संख्येने कमी असतात हे खरं, पण तेवढंच पाणी धरून हिशेब केला तरी मार पावणेदोन पटींच्या पुढे जातो. अट एवढीच की थेंबाला वेग घ्यायला उंची मिळाली पाहिजे. आठ-दहा मीटर पुरतात. तुमच्या सरळसोट सागाने ती दिली आहे. बुटक्या झुडपाखाली हा प्रकार होत नाही, कारण थेंब पडतो न पडतो तोच जमीन येते.

रानात एवढं सगळं होऊनही माती का जात नाही? कारण खाली पाचोळा असतो. मोठा थेंब त्याच्यावर आपटतो, फुटतो, पाणी सावकाश खाली झिरपतं. जावा बेटावर १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत प्रयोग झाले होते. कुठे पाचोळा काढला, कुठे झुडपं काढली, कुठे झाडाचं छत्र. पाचोळा काढला तिथे धूप कित्येक पटींनी वाढली. छत्राने तेवढा फरक पडला नाही.

राखणदार दर वर्षी तुमच्याकडे हाच प्रयोग करतो आहे.

दुसरी गोष्ट खपलीची. सुटे झालेले बारीक कण मातीच्या भोकांत जाऊन बसतात आणि वरती पातळ, गुळगुळीत खपली धरते. मग पाणी मुरत नाही, वाहतं. वाहतं म्हणून वेग घेतं, वेग घेतं म्हणून आणखी उचलतं. गवतात मात्र पाणी ठोंबांच्या मधून वळसे घेत रखडत जातं, आणि वरच्या चार बोटं मातीत मुळांची जाळी इतकी दाट असते की थेंबाला सुटं करायला काही सापडत नाही. तुमचं गवताचं अंग तीन अंशांनी जास्त चढं असून नितळ आहे ते ह्यामुळे.

जमीन किती झाकली आहे आणि धूप किती होते ह्यांचं नातं सरळ रेषेचं नाही. पहिल्या निम्म्या झाकणाने धूप धाडकन उतरते, पाऊण जमीन झाकली की नगण्य होते, त्यापुढे फारसा फरक पडत नाही. अमेरिकेतल्या विशमायर आणि स्मिथ यांच्या धूप मोजायच्या सूत्रात (१९६५, सुधारून १९७८) झाकणाचा एक गुणक आहे. नांगरून उघडी ठेवलेली जमीन म्हणजे १ धरायचं. पाचोळ्यासकट दाट रान म्हणजे ०.००१ किंवा त्याहून कमी. त्या सूत्रातला दुसरा कुठलाच आकडा माणसाच्या हातात इतका नसतो. (ते सूत्र ९ टक्के उताराच्या, २२ मीटर लांबीच्या शेतपट्टीवर बेतलेलं आहे. डोंगराच्या कड्यावर लावून टनांचे आकडे छापणारे लोक बघितले की माझं डोकं उठतं. पण गुणकाचा कल बरोबर आहे.)

गवत काढू नका. आणि एकदा सागाखाली उकिडवे बसून जमीन जवळून बघा. उभ्याने दिसणार नाही. काय दिसतं ते लिहा.

हिरवा_कंदील:

बापरे. शब्द मागे. पण मग शाळेत चुकीचं शिकवलं म्हणायचं का?

गाळमोज्या:

अर्धवट शिकवलं. मुळं माती धरतात, पण मुळं खाली असतात आणि मार वर बसतो.

सोंडेवरचा:

गाळमोज्या, आत्ता जाऊन आलो. अर्धा तास बसलो होतो, गुडघे भरून आलेत.

जमिनीवर छोटे छोटे खांब आहेत! प्रत्येकाच्या डोक्यावर खडा. करंगळीएवढे जाड, कडा उभ्या, जणू कुणी कोरून काढलेत. सगळ्यात उंच ३ सेंटीमीटर भरला. एकाच्या डोक्यावर सागाची सुकी बी होती, एकाच्या डोक्यावर चक्क बाटलीचं झाकण. झाकण अलगद उचललं तर खाली झाकणाएवढीच गोल, कोरडी माती. बाजूची सगळी गेलेली. खांबांच्या मधली जमीन सिमेंट ओतल्यासारखी गुळगुळीत आणि बोटाने खरवडली की पापुद्रा निघतो. तीच तुमची खपली ना?

खोडांच्या खालच्या अंगाला मुळं उघडी पडलीत, वरच्या अंगाला मातीचा ढीग साचलाय. पंचवीस वर्षं ह्याच वाटेने जातोय, एकदाही दिसलं नव्हतं.

म्हणजे ३ सेंटीमीटर माती एका पावसाळ्यात गेली?

गाळमोज्या:

नाही नाही, असा गुणाकार करू नका. खांब थेंबाच्या माराचा पुरावा आहे, वाहून गेलेल्या मातीचा हिशेब नाही. उडालेली बरीच माती हातभर खाली जाऊन पुन्हा बसते. खोडामागे साचलेला ढीग तीच. शिवाय तुम्ही साहजिकच सगळ्यात उंच खांब मोजलात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं आणि साहेबांनी वही परत फेकली होती.

पापुद्रा म्हणजेच खपली, हो.

बाटलीचं झाकण छान आहे. ते तिथेच ठेवा.

वळणरस्ता:

मी डोंगरातले रस्ते बांधायच्या कामात होतो. गाळमोज्यांचं म्हणणं पटतं, पण वाचणारे लोक ह्यातून "झाडं नकोत, गवत बस" असा अर्थ काढतील म्हणून लिहितोय. २१ अंशांवर ठीक आहे. ३५-४० अंशांच्या उतारावर मातीचा अख्खा थर सुटून येतो तेव्हा गवताची चार बोटांची जाळी काय करणार? ती थरासकट खाली येते, गालिचा घसरावा तशी. तिथे झाडाचंच मूळ लागतं. मातीचा थर भेदून खालच्या मुरमात, खडकाच्या फटीत शिरलेलं.

गाळमोज्या:

शंभर टक्के. धूप वेगळी, दरड वेगळी. धूप कणाकणाने होते आणि ती अंथरुणाने थांबते. उथळ दरडीला खिळे लागतात, ते झाडाचे. आणि दरड दहा-पंधरा मीटर खोल असली तर झाडाचाही उपयोग नाही, मुळं तिथवर जातच नाहीत.

ह्याला जोडून एक इशारा. धागा वाचून कुणी साग सरसकट तोडायला निघालं असेल तर थांबा. झाड तोडलं की मूळ लगेच मरत नाही, काही वर्षांत कुजतं. जुनी मुळं कुजलेली आणि नवीन अजून धरलेली नाहीत असा मधला काळ येतो, साधारण तिसऱ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत. तोड झालेल्या डोंगरांवर उथळ दरडी ह्याच काळात जास्त कोसळतात. लोक तोवर तोड विसरलेले असतात आणि सगळं पावसावर ढकलतात.

वळणरस्ता:

अजून एक, आणि हे माझ्याच धंद्याविरुद्ध आहे. सोंडेवरचे, तुमच्या सागात वर जायला गाडीवाट आहे का? कच्ची?

सोंडेवरचा:

आहे. जीप जाईल एवढी, लाकूड आणायला काढलेली. सागातून तिरपी वर जाते. पावसात तिच्या चाकोरीतून पाणी धो धो येतं. का?

वळणरस्ता:

कारण तुमच्या ७ मिमीमध्ये तिचा मोठा वाटा असणार. डोंगरात कच्चा रस्ता म्हणजे माणसाने हाताने काढून दिलेला ओहोळ. वरच्या बाजूला उतार कापला की मातीच्या आत मुरत चाललेलं पाणी कापातून बाहेर पडतं. चाकोरी घट्ट दाबलेली, तिच्यात काही मुरत नाही. आणि चाकाने रोज नवीन भुकटी करून ठेवलेली असते. रीड आणि डन यांनी १९८४ साली वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलरस्त्यांचा अभ्यास छापला. लाकडाचे ट्रक सतत धावणाऱ्या रस्त्यावरून वापर बंद पडलेल्या रस्त्याच्या १३० पट गाळ येत होता. रस्ते तसेच कच्चे. फरक वापराचा.

गाळमोज्या:

हे मी आधी विचारायला हवं होतं. पाचोळ्याचं ऐकलं आणि सुटलो. वळणरस्ता, आभार.

सोंडेवरचे, पुढच्या पावसात तीन बाटल्या. एक ओहोळात, गाडीवाटेचं पाणी येऊन मिळतं त्याच्या वर. दुसरी त्याच्या खाली. तिसरी गवताची, नेहमीप्रमाणे. एकाच वेळी भरता आल्या तर उत्तम, नाहीतर पाच-दहा मिनिटांत. बाटलीवर वेळ लिहा.

पडकी_ताल:

धागा वाचतेय, मस्त चाललाय. एक उपप्रश्न. आमच्या घरच्या जुन्या ताली (उतारावर बांध घालून केलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं) आहेत डोंगरात, दगडी. कसणारं कुणी उरलं नाही. सगळे म्हणतात सोडून दिल्या की रान आपोआप येईल, उलट बरंच. पण दर वर्षी एक-दोन ठिकाणी दगड ढासळतात आणि खालच्या तालीत घळ पडते. हे थांबेल का?

गाळमोज्या:

आपोआप थांबेल, पण कदाचित निम्मी माती गेल्यावर. ताल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साठवलेल्या मातीची तिजोरी, आणि ती रोज राखण मागते. एक दगड निसटला की तिथूनच पाणी पडतं, पडतं तिथे खणतं, मग वरची भिंत पोकळ. भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरांत गावं ओस पडली तिथे हेच झालंय. फिलिपिन्समधल्या इफुगाओच्या भाताच्या ताली २००१ साली युनेस्कोच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेल्या, २०१२ साली दुरुस्तीनंतर बाहेर आल्या. कारणांत एक मोठं कारण राखायला माणूस न उरणं हेच होतं.

सगळ्या ताली राखणं जमणार नसेल तर पाणी कुठून उतरतं ते आधी बघा. एकच सांडवा नीट दगडांनी बांधा आणि उरलेल्या तालींचं पाणी तिकडे वळवा. तालींच्या काठाला वाळा लावा, ओळीने. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि वर दाट कुंपण होतं, गाळ त्याच्यामागे अडतो. गुरं त्याच्या जून पानांना सहसा तोंड लावत नाहीत, हा आणखी फायदा.

हिरवा_कंदील:

गुरांवरून आठवलं. गवत एवढं गुणी तर मग चराईने डोंगर उजाड होतात असं का म्हणतात?

गाळमोज्या:

गवत चरल्याने मरत नाही, त्याला उसंत न दिल्याने मरतं. वर बोटभर हिरवं दिसत असतं पण मुळं आखडत जातात, ठोंबांमधली उघडी जागा वाढते, आणि त्या जागेवर खूर पडतात. खुराने दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. पाण्याकडे जायची आणि सावलीत बसायची वाट तर कायमचीच उघडी. पुष्कळ डोंगरांवर घळीचं मूळ शोधत वर गेलं की गुरांच्या वाटेपाशी पोचतं.

फ्रान्समधला किस्सा ह्यावरच आहे. तिथल्या आल्प्समध्ये डोंगरी ओढे गावंच्या गावं गाळाखाली घालत होते. सुरेल नावाच्या एका इंजिनियराने १८४१ साली त्यावर पुस्तक लिहून जंगल आणि ओढ्यांचं नातं मांडलं. १८६० साली सरकारने कायदा केला: डोंगरावर झाडं लावा. मेंढपाळ खवळले, कुरणं जाणार म्हणून. चारच वर्षांत, १८६४ साली, दुसरा कायदा आला की झाडांऐवजी गवत लावलं तरी चालेल. १८८२ साली पुन्हा नवा कायदा, ह्यावेळी ओढ्यात बांध घालणं वगैरे सगळं धरून. तुम्हा भावाभावांचा वाद जुना आहे.

सोंडेवरचा:

काल रात्री पाऊस आला. साडेदहाला टॉर्च घेऊन गेलो, भाऊही आला (छत्री धरायला म्हणून, पण आला). तीन बाटल्या भरल्या, सात मिनिटांत. आज संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी बसल्यात:

सागाचा ओहोळ, गाडीवाटेच्या वर: ३ मिमी.
तोच, गाडीवाटेच्या खाली: ७ मिमी, म्हणजे मागच्याइतकाच.
गवत: पट्टीत येत नाही.

म्हणजे निम्म्याहून जास्त गाळ त्या वाटेचा?

पहिली, मागच्या पावसातली ७ मिमीची बाटली मी वाळवून काट्यावर ठेवली. १९ ग्रॅम.

गाळमोज्या:

निम्म्याहून बराच जास्त. बाटली लिटरमागे किती गाळ ते सांगते, पण वाटेच्या खाली ओहोळात पाणीही जास्त असतं. जास्त पाणी आणि तेही जास्त दाट. वाटेचं क्षेत्र किती? सागाच्या विसाव्या हिश्श्याएवढं तरी असेल का?

१९ ग्रॅम किरकोळ वाटतात म्हणून एक गणित. एका मोठ्या पावसात ४० मिमी पाणी मुरलं नाही, वाहिलं असं धरा. एक हेक्टरवरून ४ लाख लिटर. लिटरला १९ ग्रॅम, म्हणजे ७,६०० किलो. पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाणी इतकं गढूळ नसतं, त्यामुळे खरा आकडा कमी येईल, निम्मा धरा हवं तर. पूर्ण धरला तरी तो हेक्टरभर पसरल्यावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर होतो, आपल्या नखाच्या जाडीएवढा. त्यामुळेच पंचवीस वर्षं दिसलं नाही. आणि माती नवीन तयार व्हायचा वेग बहुतेक ठिकाणी वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा, अनेकदा त्याहूनही कमी.

वळणरस्ता:

वाटेसाठी: ती बंद करायची गरज नाही. दर वीस-पंचवीस मीटरवर तिरपा उंचवटा घाला, गाडी हळू चढून जाईल एवढाच, म्हणजे पाणी चाकोरीत वेग धरायच्या आत बाजूला उतरेल. उतरेल तिथे दगड पसरा, नाहीतर त्या जागी नवीन घळ पडेल. हे विसरणारे फार आहेत. पाणी थेट ओहोळात सोडू नका, पाचोळ्यात सोडा. आणि पाऊस चालू असताना जीप वर नेऊ नका.

सोंडेवरचा:

पाचोळाच नाही ना पण :) ह्या वर्षीचा तर जळाला. आणि पुढच्या वर्षी ठेवला तरी १८ अंशांवर तो वाऱ्याने, पाण्याने खाली घसरत जाणार नाही का? राखणदाराचा वणव्याचा मुद्दाही खोटा नाही.

खड्ड्यांचं भावाशी बोललो. गवत काढायचं नाही हे त्याने मान्य केलं. दोनशे खड्डे मात्र घ्यायचेच म्हणतो.

गाळमोज्या:

खड्डे घ्या की. गवतात ताटाएवढी जागा मोकळी करा, तेवढीच. निघालेली माती खड्ड्याच्या खालच्या कडेला चंद्रकोरीसारखी थापा आणि वर कापलेलं गवत टाका. ओळी उताराला आडव्या, आणि एका ओळीतला खड्डा वरच्या ओळीतल्या दोन खड्ड्यांच्या मधोमध. सगळी एकाच जातीची लावू नका. काही बुटकी, झुडूपवजा असू द्या, थेंबाला दोनदा अडवणारी.

वणव्याचा मुद्दा खराच आहे, आणि आगीनंतरचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट असतो, जळालेल्या मातीच्या वरच्या थरात पाणी शिरतच नाही कधी कधी. म्हणून सीमेलगत आणि गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंना पट्टा साफ ठेवायला सांगा राखणदाराला, तिथे झाडू दे मनसोक्त. आतला पाचोळा तसाच.

घसरण्याबद्दल: सागाच्या छाटलेल्या फांद्या जाळू नका. खोडांना टेकवून उताराला आडव्या पाडून ठेवा, दर चार-पाच मीटरवर एक ओळ. जमिनीला चिकटल्या पाहिजेत, खालून फट राहिली तर पाणी तिथूनच पळतं, तेव्हा पायाने दाबा. पाचोळा त्यांच्या मागे अडतो, गाळही अडतो, आणि दोनेक वर्षांत त्या ओळींमध्ये आपोआप काहीतरी उगवतं. उगवेल ते छाटू नका.

ह्या वर्षीपुरतं गवताच्या अंगावरचं कापलेलं गवत नेऊन सागात पसरा. पातळ चालेल, जमीन निम्मी दिसेनाशी झाली तरी पुष्कळ.

सोंडेवरचा:

गवत उद्यापासून. राखणदाराला सांगितलं. तो म्हणाला, साप निघाला तर मला बोलावू नका.

भावाने बाटलीचं झाकण त्या खांबावर परत नेऊन ठेवलंय. पहिल्यासारखं बसत नाही म्हणे, थोडं कललंय.